आयफोन १३, ए५६ की एस२४? दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तर

प्रश्न असा आला आहे: "काका, मी कर्वेनगरला राहते, हडपसरच्या एका शाळेत शिकवते, रोज स्कूटरवर जाऊन-येऊन करते. फोन चार वर्षांचा झालाय, १२८ जीबीचा आहे. दुपारी चारला बॅटरी संपते, सारखा हँग होतो आणि हल्ली फोटो थरथरलेले येतात. बजेट ४० हजारांच्या आसपास. नवऱ्याच्या हिंजवडीच्या ऑफिसातला एक जण आयफोन १३ देतोय, १२८ जीबी, बॅटरी हेल्थ ८३, सत्तावीस हजार म्हणतोय. मुलगा म्हणतो सॅमसंगचा एस२४ घे, जुना असला तरी फ्लॅगशिप, म्हणजे वरच्या श्रेणीतला आहे; तो १२८ जीबीचा ४१ हजारांना आणि २५६ चा ४५ ला मिळतोय. दुकानदार म्हणतो सॅमसंगचाच ए५६ घ्या मॅडम, नवीन मॉडेल आहे, बॅटरी मोठी. २५६ जीबीचा ३८ हजारांना. मला चार-पाच वर्षं परत फोनचं नाव काढायचं नाहीये. काय घेऊ?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. आयफोन १३ नको. एस२४ घ्यायचा असेल तर २५६ जीबीचाच घ्या. बजेटच्या वर पाच हजार ताणायचे नसतील तर ए५६ घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये घालू नका, तो तुम्हाला लागणार आहे.

मी नवीन फोन विकत नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या तोंडाशी माझं दुरुस्तीचं टेबल आहे, त्यामुळे तुम्ही काय घेता यात मला कमिशन नाही. फोन माझ्याकडे येतो तो दुकानातली चमक उतरल्यावर, फुगलेली बॅटरी, तडकलेला फोल्डर (म्हणजे काचेसकट डिस्प्ले) नाहीतर मेलेला बोर्ड घेऊन. लोक फोन निवडतात पहिल्या दिवसाकडे बघून, मी बघतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षातला. म्हणून माझं उत्तर यूट्यूबवरच्या पोरांपेक्षा वेगळं येतं.

आता तुमच्या तक्रारी बघू. त्या तीन आहेत, तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि घरात मात्र सगळ्यावर "फोन जुना झाला" असा एकच शिक्का बसलाय.

बॅटरीचं सरळ आहे. लिथियम-आयन सेल साधारण ५०० ते ८०० चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतो. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर वर्षाला साडेतीनशेच्या वर सायकल होतात, म्हणजे तुमच्या फोनची बॅटरी तिचं काम कधीच करून बसली आहे. फोन टेबलावर पाठीवर ठेवा आणि बोटाने ढकलून बघा. गरगर फिरला तर पाठ फुगली आहे, म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. तसं असेल तर तो फोन रात्री उशीजवळ चार्जिंगला लावणं आजपासून बंद करा आणि आधी बॅटरी बदला. खर्च मॉडेलप्रमाणे दीड-दोन हजारांपासून पुढे.

हँग होण्याचं कारण बहुतेक वेळा स्टोरेज असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, १२८ पैकी १२० च्या पुढे भरलं असेल. फ्लॅश मेमरीला नवीन काही लिहायचं तर रिकामे ब्लॉक लागतात. ते शिल्लक नसले की आधी जुनं हलवा, ते पुसा, मग नवीन लिहा असा सगळा खटाटोप प्रत्येक फोटोला होतो. तुम्ही शिक्षिका, म्हणजे पालकांचे ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, आणि प्रत्येकावर सकाळी सहा वाजल्यापासून फुलांचे फोटो. व्हॉट्सॲपमध्येच स्टोरेजचा पर्याय आहे, तिथे मोठ्या फाइली वर दिसतात. त्यातल्या वीस-पंचवीस जीबी उडवल्या तर हाच फोन तुम्हाला निम्मा नवीन वाटेल. गंमत नाही करत. फोन बदलायला निघालेली कित्येक माणसं माझ्या टेबलावरून एवढं करून घरी गेली आहेत. काहींचं तर त्याहून सोपं असतं. "चार्जिंग होत नाही" म्हणतात आणि पोर्टमध्ये जीन्सच्या खिशातला धाग्यांचा बोळा दाबून बसलेला असतो. लाकडी टूथपिकने हळूच काढला की केबल टक्कन बसते.

तिसरी तक्रार थरथरलेल्या फोटोंची. यावर जरा थांबतो, कारण पुण्यात ही घरोघरची गोष्ट आहे आणि नवीन फोन निवडताना ती कोणी धरतच नाही. तुम्ही स्कूटरच्या हँडलवर माउंट लावून मॅप बघता ना? कॅमेऱ्यात ओआयएस असतं, म्हणजे फोटो हलू न देणारी यंत्रणा. लेन्स किंवा तिच्यामागचा सेन्सर बारीक स्प्रिंगांवर तरंगता ठेवलेला असतो. जायरोस्कोप हाताची थरथर मोजतो आणि छोटे विद्युतचुंबक लेन्सला उलट दिशेने हलवून ती थरथर मारतात. आता हाच फोन रोज दोन तास हँडलवर, रस्त्याचे खड्डे, पेव्हर ब्लॉक, त्यावर इंजिनचा कंप. स्प्रिंग शेवटी स्प्रिंगच. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं की ताकदवान मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन लावू नका, आणि मोपेड किंवा इलेक्ट्रिक स्कूटरवर लावायचाच तर कंप शोषणारा माउंट वापरा. हे फक्त आयफोनचं नाही, ओआयएस असलेल्या कुठल्याही फोनचं आहे.

बिघडलेला कॅमेरा ओळखायचा कसा? कॅमेरा उघडा, फोन टेबलाला टेकवून अगदी स्थिर धरा आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे बघा. फोन हलत नसताना स्क्रीनवरचं चित्र डुलत असेल, किंवा कान लावल्यावर लेन्सजवळ बारीक टिकटिक ऐकू येत असेल, तर ओआयएस गेलं. कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागतं. स्वस्त फोनमध्ये ते परवडतं, एस२४ किंवा आयफोनमध्ये तो खर्च डोळ्यांत पाणी आणतो. मिळालाच तर ओरिजिनल मिळेल याचीही खात्री नाही.

म्हणून जुना फोन ठेवा. त्याला नवीन बॅटरी घाला, साफ करा आणि हँडलवर त्यालाच बसवा. त्याचा कॅमेरा असाही गेलेलाच आहे. मॅप ऑफलाइन डाउनलोड करता येतो; ट्रॅफिक बघायचं तर पर्समधल्या नवीन फोनचं हॉटस्पॉट द्या. एक्स्चेंजमध्ये चार वर्षांच्या फोनचे जे दोन-तीन हजार मिळतात, त्यापेक्षा हे काम मोलाचं आहे. उन्हाचंही आहेच. एप्रिलच्या दुपारी हँडलवरचा फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते आणि तापलेल्या अवस्थेत चार्जिंग चालू असेल तर बॅटरी लवकर मरते. तो मार जुन्यालाच खाऊ दे.

आता नवीन फोनकडे वळू. माझा एकच निकष आहे. फोनमध्ये काही गोष्टी नंतर बदलता येतात आणि काही मरेपर्यंत तशाच राहतात. बॅटरी, मागची काच, चार्जिंगचा सब-बोर्ड, स्पीकर, अगदी डिस्प्लेसुद्धा बदलता येतो. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, लेन्सची जात, हातात बसणारा आकार आणि कंपनी किती वर्षं अपडेट देणार, हे बदलता येत नाही. फ्लॅट घेताना आपण भिंतीचा रंग आणि ट्यूबलाइट बघून पैसे मोजत नाही, मजला, दिशा आणि कार्पेट बघतो. फोनमध्ये मात्र लोक उलटं करतात. जे दोन-तीन हजारांत बदलून मिळतं त्या बॅटरीच्या आकड्यावर भाळतात आणि स्टोरेजमध्ये चार हजार वाचवतात.

या निकषावर तुमचे तीन फोन तपासू.

आयफोन १३ सप्टेंबर २०२१ चा. चिप ए१५, अजूनही चांगली पळते, त्याबद्दल वाद नाही. रॅम ४ जीबी. डिस्प्ले ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठदाच चित्र बदलणारा. चार्जिंगची खाच जुनी लाइटनिंगची. ॲपलने यूएसबी-सी आणलं ते २०२३ मध्ये आयफोन १५ पासून. म्हणजे घरातल्या सगळ्यांची एक केबल आणि तुमची वेगळी. आता मुख्य मुद्दा. २०२५ मध्ये आयफोनची नवी सिस्टीम आयओएस २६ आली तेव्हा २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर बाद झाले, २०१९ चा आयफोन ११ राहिला. म्हणजे सात वर्षांच्या आसपास ॲपल मोठं अपडेट देतं. त्या चालीने १३ ला साधारण २०२८ पर्यंत धरा. हा अंदाज आहे, कंपनीचं वचन नाही. त्यानंतरही फोन चालेल, काही काळ सुरक्षेचे अपडेटही येतील. पण तुम्हाला चार-पाच वर्षं हवीत आणि याची दोन-तीनच शिल्लक आहेत. त्यावर बॅटरी ८३ टक्के, म्हणजे वर्षभरात तीही बदलायची. सत्तावीस हजार अधिक बॅटरी, भागिले अडीच वर्षं. वर्षाला अकरा-बारा हजार पडतात. आयफोन हवाच असं मनात असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा आणि १५ किंवा १६ चा भाव बघा. "स्वस्तात मिळतोय" म्हणून १३ घेऊ नका.

तरीही घ्यायचाच झाला, ऑफिसातला माणूस आहे, नवऱ्याचा शब्द गेलाय वगैरे, तर हे चार उद्योग त्याच्या समोर बसून करा. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट. तिथे "पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी" दिसत असेल तर ते उघडून वाचा. बॅटरी, डिस्प्ले किंवा कॅमेरा बदललेला असेल आणि तो ओरिजिनल नसेल तर तिथे "अननोन पार्ट" म्हणून लिहून येतं. काहीच दिसत नसेल तर बहुतेक यातलं काही बदललेलं नाही. मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा आणि इंग्रजीत KYM, मग रिकामी जागा, मग तो १५ आकडी नंबर असा मेसेज १४४२२ ला पाठवा. दूरसंचार खात्याची ही सेवा आहे, चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन असेल तर कळतं. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर चोरीला गेलेले किती फोन पुढे कुठल्या हातात जातात हे तुम्हाला सांगायला नको. तिसरं, त्याचा ॲपल आयडी तुमच्यासमोर साइन आउट करायला लावा आणि फोन रिसेट करून तुमच्या आयडीने चालू करून बघा. नुसता रिसेट केलेला फोन घेतला आणि लॉक निघाला नाही, तर तो टेबलावर ठेवायचा पेपरवेट. चौथं, मूळ बिल. आणि हप्त्यांवर घेतलेला फोन असेल तर हप्ते फिटलेत का ते विचारा. काही फायनान्सवाले फोन लांबून लॉक करत आले आहेत आणि ते लॉक माझ्यासारख्याकडून निघत नाही, निघूही नये.

आता ए५६. मार्च २०२५ मध्ये आला, तेव्हा भाव ४१,९९९ पासून होता. चिप एक्झिनॉस १५८०, बॅटरी ५,००० एमएएच, ४५ वॉट चार्जिंग, पाण्यासाठी आयपी६७. सॅमसंगने सहा अँड्रॉइड अपडेट आणि सहा वर्षांचे सुरक्षा अपडेट जाहीर केलेत, म्हणजे २०३१ उजाडेपर्यंत चिंता नाही. मेमरी कार्डाची खाच नाही, म्हणून २५६ जीबी योग्यच. दुकानदार खोटं बोलत नाहीये. मोठी बॅटरी, मोठा स्क्रीन, नवीन बिल, नवीन वॉरंटी. कमी काय? लांबचं ओढणारी वेगळी लेन्स, म्हणजे टेलिफोटो, यात नाही. अगदी जवळचं टिपणारी पाच मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स दिली आहे, जी मी आजवर कोणाला हौसेने वापरताना पाहिलेली नाही. ती जाहिरातीत तीन कॅमेरे मोजून दाखवायला असते.

टेलिफोटोचं एवढं का सांगतो? शाळेचं गॅदरिंग. भरत नाट्य मंदिरात किंवा बालगंधर्वला बाराव्या-पंधराव्या रांगेत बसून स्टेजवरच्या मुलांचा फोटो काढायचा तर साधी लेन्स फक्त चित्र कापून मोठं करते. चेहऱ्याच्या जागी मेणाचा गोळा येतो, त्यात मागून लाल-निळे लाइट. एस२४ मध्ये तीनपट ऑप्टिकल झूमची स्वतंत्र लेन्स आहे. तुम्ही वर्षात दोनदा असे फोटो काढत असाल आणि ते पालकांच्या ग्रुपवर जात असतील, तर हा फरक तुम्हाला रोजच्या वेगापेक्षा जास्त जाणवेल. काढत नसाल तर हा मुद्दा खोडून टाका. मग ए५६ चं पारडं जड होतं, आणि सात हजार वाचतात.

एस२४ जानेवारी २०२४ चा आहे. सात वर्षांचे अँड्रॉइड आणि सुरक्षा अपडेट, म्हणजे जानेवारी २०३१. गंमत बघा, दुकानदाराचं "नवीन मॉडेल" आणि मुलाचं "जुनं फ्लॅगशिप" दोन्ही जवळजवळ एकाच वर्षी संपणार आहेत. मॉडेल कधी आलं यापेक्षा अपडेट कधी थांबणार ही तारीख विचारा. दुकानात हा प्रश्न विचारलात तर समोरचा पोरगा बहुधा आधी मेगापिक्सेल सांगेल; मग घरी येऊन कंपनीच्या साइटवर बघा.

तारीख सारखी, पण त्या तारखेपर्यंत पोचताना फोनची अवस्था सारखी नसणार. दरवर्षी अँड्रॉइड जड होतं, ॲप जड होतात, बँकेचं ॲप तर आता उघडतानाच दहा तपासण्या करतं. फ्लॅगशिपची चिप ते वजन पाचव्या वर्षीही उचलते. मधल्या किमतीच्या फोनची चिप तिसऱ्या वर्षानंतर अडखळायला लागते. अपडेट मिळत राहतात, पण कॅमेरा उघडायला लागणारा वेळ वाढत जातो. माझ्या टेबलावर हा फरक रोज दिसतो. पाच वर्षांचं जुनं फ्लॅगशिप बॅटरी बदलली की परत उठून पळतं. पाच वर्षांचा मधला फोन बॅटरी बदलूनही दमलेलाच राहतो.

१२८ चा एस२४ मात्र घेऊ नका म्हणतोय, त्याला दोन कारणं. एक, तुमचा आताचा १२८ भरलेला आहे, नवीन फोनमध्ये तेच सामान ओतल्यावर पहिल्याच दिवशी तो भरलेला असेल. दुसरं सहसा कोणी सांगत नाही. एस२४ च्या १२८ मध्ये स्टोरेज यूएफएस ३.१ जातीचं आहे आणि २५६ मध्ये यूएफएस ४.०. म्हणजे चार हजार जास्त देऊन नुसती जागा नाही, वेगही मिळतो. कार्डाची खाच इथेही नाही. क्लाउडवर ठेवू म्हणाल, तर गुगलचे फुकटचे १५ जीबी आणि त्यात आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. पुढे दर महिन्याला पैसे भरा.

एस२४ चं उणं काय? बॅटरी ४,००० एमएएच, ए५६ च्या चार-पंचमांश, आणि चार्जिंग २५ वॉटचं. दिवसभर मॅप, रील आणि व्हिडिओ कॉल असेल तर संध्याकाळी साडेपाचला तुम्ही परत मलाच फोन कराल. पण मॅप आता जुन्या फोनवर गेला. शाळेत तास चालू असताना फोन पर्समध्येच असतो. तुमच्या दिवसाला ४,००० पुरेल असा माझा हिशेब आहे. तिसऱ्या वर्षी एकदा बॅटरी बदला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून. हे दोन-चार हजार आजच बजेटमध्ये धरून ठेवा. सेटिंग्जमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्यायही आहे. ज्या दिवशी घरीच आहात त्या दिवशी तो चालू ठेवा.

चिपबद्दल मुलगा एक वाद काढेल, म्हणून सांगतो. भारतात एस२४ आला तो एक्झिनॉस २४०० घेऊन. पुढे स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ वालाही विकला गेला. दुसरा थोडा थंड चालतो. भाव सारखा असेल तर तोच घ्या, पण त्यासाठी तीन हजार जास्त देऊ नका. ऑनलाइन घेताना वर्णनात नक्की काय लिहिलंय ते वाचा, कारण फोटो दोन्हींचा सारखाच असतो.

आणखी एक, हा फोन येऊन दोन वर्षं उलटलीत, त्यामुळे "सील पॅक" म्हणून येणारा प्रत्येक डबा ताजा नसतो. कंपनीचं दुकान, अधिकृत विक्रेता किंवा मोठ्या साइटवरचा नीट रेटिंगचा विक्रेता, एवढ्यांपैकीच एक. जीएसटीचं बिल तुमच्या नावावर. बिल आल्यावर कंपनीच्या साइटवर वॉरंटी कुठल्या तारखेपासून दिसते ते बघा. आधीपासून चालू झालेली दिसली तर त्याच दिवशी परत करा. "ओपन बॉक्स", "कस्टमर रिटर्न", "जस्ट लाइक न्यू" या गावाला जाऊच नका.

चिनी कंपन्यांचे फोन तुम्ही यादीत घातले नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. त्यांनी सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या आणल्या, सहा-सात हजार एमएएच फोनच्या पोटात बसवलं, वेगवान चार्जर डब्यातच देतात. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना मी डोळे झाकून तेच सांगतो. तुमचं काम वेगळं आहे. त्यांच्यात अपडेटची वर्षं मॉडेलगणिक बदलतात, आणि त्याच कंपनीच्या दोन फोनमध्ये दोन-तीन वर्षांचा फरक असतो; तो तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पिक्सेल ९ए ला सात वर्षं आहेत, कॅमेरा छान आहे, पण २०० सायकलनंतर फोन स्वतःच बॅटरीचा व्होल्टेज हळूहळू उतरवतो आणि ते बंद करता येत नाही. सुरक्षेसाठी आहे, वाईट नाही, फक्त माहीत असावं.

पाण्याचं एका दमात सांगतो. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एस२४ चं आयपी६८ म्हणजे दीड मीटर. हे नवीन फोनचं, स्वच्छ गोड्या पाण्यातलं. आतला डिंक उन्हाने वाळतो, फोन एकदा उघडला की सील नव्याने बसवावं लागतं. आणि पाणी आत गेलं तर वॉरंटी मिळत नाही. आतली पांढरी पट्टी लाल झालेली दिसली की सर्व्हिस सेंटर हात वर करतं. जुलैत फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग तो कितीही आयपी असो.

डिस्प्ले तुटला तर? तिन्ही फोन ओएलईडी आहेत, स्वस्त कुठलाच नाही. घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन लावून त्या मॉडेलचा डिस्प्ले कितीला पडतो ते विचारा. फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर सांगितलं तर पहिल्या वर्षाचा स्क्रीन प्रोटेक्शन प्लॅन (डिस्प्लेचा विमा) घेण्यात अर्थ आहे. दुकानातला पाचशे रुपयांचा "मिलिटरी ग्रेड" टेम्पर्ड आणि शंभरचा टेम्पर्ड यात मला आजवर फरक सापडलेला नाही. कव्हर मात्र कडा उंच असलेलं घ्या, फोन नेहमी कोपऱ्यावर पडतो.

वाट बघू का, असं विचाराल. २०२५ च्या नवरात्रातल्या सेलमध्ये एस२४ चाळीस हजारांच्या आसपास दिसला होता, त्यामुळे लोकांना वाटतं पुढच्या सेलमध्ये आणखी उतरेल. पण २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आणि फोनचे भाव वर सरकायला लागले. शिवाय मागच्या पिढीचा माल संपत आला की २५६ वालाच आधी गायब होतो. जीएसटी कमी होईल म्हणूनही थांबू नका. टीव्ही आणि एसीवरचा २८ चा १८ झाला, मोबाईल एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांतच आहे आणि तिथेच राहिला.

हप्त्यांवर घेणार असाल तर "नो कॉस्ट" हा शब्द जरा जपून वाचा. व्याजाएवढी सूट आधी देतात हे खरं, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि वर प्रोसेसिंग फी. फार नाही, काही शे रुपये, पण फुकट नाही. कार्डाचं डिस्काउंट मिळवायला शेजाऱ्याच्या कार्डावर घेतलात तर बिल तुमच्या नावावर आहे ना, तेवढं बघा.

शेवटी फोन बदलण्याचा दिवस. शनिवारी दुपारी करा, सोमवारी सकाळी शाळेला निघताना नको. आधी व्हॉट्सॲपची चॅट जुन्यावरून नव्यावर क्यूआर कोडने हलवा, दोन्ही फोन चार्जिंगला लावून. मग सिम काढून नव्यात घाला. यूपीआय आणि बँकेची ॲप सिममधून मेसेज पाठवून फोन ओळखतात, त्यामुळे सिम नव्यात गेल्यावरच ती चालू होतील, आणि काही बँका पहिले काही तास व्यवहारावर मर्यादा ठेवतात. त्या संध्याकाळी वाणसामानाला रोख घेऊन जा. जुन्या फोनमधून बँकेची ॲप काढून टाका, पण गुगल खातं ठेवा, मॅपसाठी लागेल. त्याची बॅटरी बदलायला आणाल तेव्हा हँडलचा माउंटही घेऊन या. रबराचा डँपर असलेला आहे की नुसतं प्लॅस्टिक, ते बघून सांगतो.